आजारी नसलेल्यांचे औषध

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एखाद्या माणसाला ताप नाही, खोकला नाही, वजन घटलेले नाही. दोन वेळचे जेवण अंगी लागते, रोज कामावर जातो. अशा माणसाच्या दारात जाऊन ‘बाबा रे, सहा महिने रोज एक गोळी घे’ असे सांगायचे आणि त्याने ती खरोखरच घ्यावी अशी अपेक्षा करायची. वैद्यकात अवघड शस्त्रक्रिया पुष्कळ असतील, पण मला तरी याहून अवघड काम दिसत नाही. क्षयरोगाच्या बाबतीत हे काम करून पाहण्याचे प्रयत्न सत्तरएक वर्षे चालू आहेत. त्यांची हकिगत आज सांगायची आहे. मी डॉक्टर नाही, बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण टीबी हा शब्द आमच्या वस्तीत मी ‘शाळा’ या शब्दाइतकाच लवकर ऐकला, त्यामुळे या विषयाची ओढ जुनी आहे.

आधी गोष्ट नीट समजून घेऊ. क्षयाचे जंतू हवेतून छातीत शिरतात. शिरले म्हणजे माणूस आजारी पडलाच असे नाही. बहुतेकांच्या शरीरात त्यांना वेढा पडतो आणि ते तिथेच अडकून राहतात. माणूस धडधाकट असतो, त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही. जगातल्या साधारण चौथाई लोकांना असा संसर्ग कधी ना कधी झालेला आहे. आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात जी राष्ट्रीय पाहणी झाली, तिच्यात पंधरा वर्षांवरच्या लोकांत हे प्रमाण सुमारे ३१ टक्के निघाले. यांतले शंभरात पाच ते दहाजण आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष क्षयाने आजारी पडतात, आणि त्यांतले बरेचसे संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत. लहान मुले, मधुमेही, एचआयव्हीबाधित, पोटभर अन्न न मिळणारे, यांना धोका जास्त.

याला आपण मराठीत ‘सुप्त क्षयसंसर्ग’ म्हणतो. शब्दांशी रोजचा संबंध असल्यामुळे मला या ‘सुप्त’ शब्दाविषयी थोडी तक्रार आहे. सुप्त म्हणजे झोपलेला. आणि झोपलेल्याला उठवू नये, ही आपल्याकडची शिकवण! गोळ्या नाकारणारा माणूस अगदी हेच बोलतो: ‘झोपलाय ना? मग झोपू दे.’ त्यापेक्षा ‘दबा धरून बसलेला’ म्हटले असते तर ऐकणाऱ्याच्या कानाला निदान खडा लागला असता. असो. शब्द आता रुळला आहे.

रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगापुढे मांडला. १८९० मध्ये त्याने ट्युबरक्युलिन नावाचा अर्क काढला आणि तो क्षयावरचे औषध म्हणून जाहीर केला. औषध म्हणून तो साफ फसला. पण फसलेल्या औषधाचीच पुढे परीक्षा झाली. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०७ मध्ये हा अर्क मुलांच्या हातावर ओरखडा काढून लावला, तेव्हा वरून निरोगी दिसणाऱ्या कितीतरी मुलांची कातडी लाल होऊन फुगली. आजार नाही, पण जंतूची ओळख आहे, ही अवस्था अशी उजेडात आली. १९०८ मध्ये फ्रान्सच्या शार्ल मांतू यांनी तोच अर्क सुईने कातडीत टोचण्याची पद्धत बसवली. ‘मांटू टेस्ट’ म्हणून ती आजही चालते.

संसर्ग ओळखता येऊ लागला, पण त्यावर करायचे काय, याला पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे उत्तर नव्हते. उत्तर १९५२ मध्ये आले. आयसोनियाझिड हे रसायन खरे तर १९१२ मध्येच प्रागमध्ये तयार झाले होते, पण ते क्षयावर चालते हे कुणाच्या ध्यानी आले नव्हते. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात ते दिले गेले आणि मरणपंथाला लागलेले रोगी उठून जेवू लागले. वॉर्डात नाचणाऱ्या रोग्यांची छायाचित्रे त्या वेळी वर्तमानपत्रांतून झळकली. गोळी स्वस्त आणि तोंडाने घ्यायची.

त्याच शहरातल्या बेलव्ह्यू रुग्णालयात एडिथ लिंकन या बाई मुलांचा क्षय बघत. ही गोळी घेणाऱ्या मुलांना क्षयाचा मेंदूज्वर होत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. तोवर मुलांना मारणारा हाच प्रकार होता. मग आजार बळावण्याआधीच गोळी दिली तर? १९५५ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने सुमारे २,७५० मुलांवर हे पद्धतशीरपणे तपासले. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. गोळ्या चालू असलेल्या वर्षात औषधवाल्या मुलांत क्षयाची गुंतागुंत ९४ टक्क्यांनी कमी झाली.

पण रुग्णालयात येणारी मुले निराळी आणि गावेच्या गावे निराळी. म्हणून आता आपल्याला अलास्काला जावे लागेल.

अलास्काच्या पश्चिमेला युकॉन आणि कुस्कोक्विम या दोन नद्यांच्या मुखाजवळ मोठा दलदलीचा प्रदेश आहे. तिथे युपिक लोकांची छोटी छोटी गावे. रस्ते नाहीत. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात कुत्र्यांची घसरगाडी किंवा बर्फावर उतरणारे छोटे विमान. थंडीमुळे सगळे कुटुंब एका खोलीत. १९५० च्या सुमारास इथल्या मुलांपैकी दर वर्षी शंभरातल्या पंचवीसजणांना क्षयाचा नवा संसर्ग होत होता. म्हणजे शाळेत जाण्याच्या वयापर्यंत बहुतेक मुले जंतू घेऊन बसलेली. जगात कुठेही नोंदल्या गेलेल्या सर्वांत वाईट आकड्यांत हा मोडतो. रुग्णांना खाटा पुरत नव्हत्या. माणसे शेकडो मैलांवरच्या आरोग्यधामात नेली जात, त्यांतली कित्येक परत येत नसत.

या भागात १९५४ पासून घरच्या घरी औषध देण्याची योजना सुरू झाली होती. त्यासाठी प्रत्येक गावाने आपल्यातलाच एकजण निवडून द्यायचा. त्याला थोडे शिक्षण द्यायचे. औषध वाटणे, कोण घेतो कोण नाही ते पाहणे हे त्याचे काम. बेथेल या गावच्या रुग्णालयातले डॉक्टर रेडिओ-यंत्रावरून या गावसेवकांशी बोलत, कुणाला काय झाले ते विचारत आणि सल्ला देत. (आज मी रेडिओवरून क्षयाबद्दल बोलतो आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले. या यंत्राने त्या काळी आमच्यासारख्यांच्या गप्पांपेक्षा बरेच मोठे काम केले.)

या तयार घडीवर जॉर्ज कॉमस्टॉक नावाच्या डॉक्टरांनी १९५७ च्या अखेरीस प्रयोग उभा केला. सात हजारांहून अधिक माणसे. चिठ्ठी माणसाची नाही, घराची काढायची. एका घरात सगळ्यांना वर्षभर आयसोनियाझिड, दुसऱ्या घरात सगळ्यांना बिनऔषधी गोळ्या. कुठल्या घरात काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नाही, घेणाऱ्यालाही नाही. गोळी निर्धोक आहे याची लोकांना खात्री पटावी म्हणून कॉमस्टॉक यांनी ती स्वतः घेतली आणि आपल्या घरच्यांनाही दिली. मला या साऱ्या इतिहासात ही गोष्ट फार मोठी वाटते. ‘तू घे’ आणि ‘आपण घेऊ’ यांत जे अंतर आहे, ते त्यांनी ओळखले.

औषधाच्या घरांत नवा क्षय साधारण ७० टक्क्यांनी कमी निघाला. या निकालानंतर, १९६३-६४ मध्ये, बिनऔषधी गोळ्या मिळालेल्यांना आणि बाकी गावकऱ्यांनाही खरे औषध देऊ करण्यात आले. मधली पाच-सहा वर्षे निम्मी घरे विनासंरक्षण राहिली, हे आज वाचताना खटकतेच. त्या काळी औषध चालते की नाही हे कुणालाच माहीत नव्हते, हे त्याचे उत्तर आहे. ते बरोबर आहे, पण मनाला पुरत नाही. १९७९ मध्ये अखेरचा अहवाल आला, तेव्हा एक वर्षाच्या गोळ्यांचा फायदा एकोणीस वर्षांनंतरही टिकून असल्याचे दिसले. पुढे १९९९ मध्ये, ऐंशीच्या घरात पोचलेल्या कॉमस्टॉक यांनी त्याच जुन्या नोंदी पुन्हा काढून दाखवले की नऊ-दहा महिन्यांच्या गोळ्यांपर्यंत संरक्षण वाढत जाते, त्यापुढे विशेष वाढत नाही. कुणी किती गोळ्या घेतल्या याची नोंद गावागावांत प्रामाणिकपणे झाली होती, म्हणूनच चाळीस वर्षांनंतर हे सांगता आले.

या गोळीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९७० मध्ये वॉशिंग्टनला कॅपिटॉल हिल भागातल्या सरकारी कर्मचाऱ्यांत क्षयाची लागण आढळली आणि २,३२१ जणांना आयसोनियाझिड सुरू झाले. त्यांतल्या १९ जणांचे यकृत सुजले, दोघे दगावले. धडधाकट माणसे, केवळ खबरदारीच्या औषधाने! आजारी माणसाला औषध बाधले तर आपण नशिबाला बोल लावतो. निरोगी माणसाला बाधले तर देणाऱ्याला क्षमा नाही. ते बरोबरच आहे.

मात्र या धक्क्यातून एक शिस्त जन्माला आली. दर महिन्याला माणसाला समोर बसवून विचारायचे: भूक आहे का, मळमळ होते का, लघवीचा रंग गडद झाला आहे का, डोळे पिवळे दिसतात का? शंका आली की गोळी ताबडतोब बंद. सिएटलच्या सरकारी क्षय-दवाखान्याने सात वर्षे ही शिस्त पाळली आणि १९९९ मध्ये हिशेब मांडला: ११,१४१ जणांनी गोळ्या सुरू केल्या, यकृताचा त्रास झाला तो ११ जणांना. गोळी तीच होती. फरक होता तो दर महिन्याच्या विचारपुशीचा.

आता आपल्याकडे येऊ. १९५६ मध्ये मद्रासला क्षयाच्या औषधोपचाराचे संशोधन केंद्र सुरू झाले. वॉलेस फॉक्स यांच्या देखरेखीखाली तिथे १९३ रुग्णांवर एक साधा प्रश्न तपासला गेला: आरोग्यधामात ठेवून उपचार चांगला, की दाटीवाटीच्या झोपडीत घरच्या घरी? १९५९ मध्ये उत्तर आले, जवळजवळ सारखेच. साऱ्या जगाने त्यावरून धडा घेतला आणि आरोग्यधामे ओस पडू लागली. पण त्याच अभ्यासात दुसरी गोष्ट होती. घरी राहिलेल्या रुग्णांमुळे घरच्यांना जादा धोका झाला नाही. कारण घरच्यांना जो काही संसर्ग व्हायचा, तो बहुतांशी औषध सुरू होण्याआधीच, निदान न झालेल्या खोकल्याच्या महिन्यांत होऊन गेलेला होता.

मी हे वाचले तेव्हा मला आमच्या चाचांची कपबशी आठवली. आमची वस्ती मागवाल्यांची. १९८१ मध्ये चाचांना क्षय झाला, तेव्हा चाचींनी त्यांची कपबशी, ताट, तांब्या वेगळे काढून खिडकीच्या कोनाड्यात ठेवले. आम्हा पोरांना त्या कोनाड्याला हात लावायची बंदी. दीड वर्षात चाचा खडखडीत बरे झाले. त्या दीड वर्षात सुई टोचणारा आला, गोळ्या देणारा आला, पण ‘घरात आणखी कोण कोण आहे?’ हा प्रश्न कुणी विचारल्याचे मला स्मरत नाही. दोन वर्षांनी चाचांच्या मोठ्या मुलीच्या मानेवर गाठी आल्या. तीही बरी झाली, पण तिची सोयरीक दोनदा मोडली. कोनाड्यातली कपबशी बिचारी निर्दोष होती. जे व्हायचे ते चाचा दुखणे अंगावर काढत एकाच खोलीत सगळ्यांबरोबर झोपत होते, त्या पावसाळ्यातच होऊन गेले असावे.

घरच्यांना संरक्षक गोळ्या द्याव्यात, हे शास्त्र तेव्हा पंचवीस वर्षांचे जुने होते. मग आपल्याकडे का दिल्या गेल्या नाहीत? १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात खोकणारे रुग्णच लाखोंनी होते, औषधे तुटपुंजी. आधी पेटलेली घरे विझवा, शेजारच्या घराचे मग बघू, हा विचार चुकीचा नव्हता. शिवाय बीसीजी लशीवर भरवसा होता. चिंगलपेट जिल्ह्यात १९६८ पासून झालेल्या प्रचंड चाचणीत मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयाला ही लस अडवत नसल्याचे दिसले आणि १९७९ मध्ये तो भरवसा ढळला. तान्ह्या मुलांच्या गंभीर क्षयासाठी ती आजही दिली जाते. लशीवरचा भरवसा गेला तरी गोळी आली नाही. रुग्णाच्या घरातल्या सहा वर्षांखालच्या मुलांना ती द्यावी एवढाच नियम पुढे झाला, आणि तोही बऱ्याच ठिकाणी कागदावर राहिला. अडचणीतून घेतलेला निर्णय अडचण संपल्यावरही चालू राहतो. त्याची सवय होते. २०२१ मध्ये देशाच्या मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि फुप्फुसाच्या क्षयाच्या रुग्णाच्या घरातल्या सर्व वयाच्या माणसांना ही सेवा लागू झाली.

नियम झाला म्हणजे काम झाले असे नाही. ‘लोक गोळ्या घेत नाहीत हो,’ हे वाक्य आरोग्यखात्यात तुम्ही कुठेही ऐकाल. २०१६ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी जगभरातल्या सुमारे साडेसात लाख लोकांच्या नोंदी एकत्र करून या वाक्याची परीक्षा घेतली. ज्यांना ही सेवा मिळायला हवी असे शंभरजण घेतले, तर ७२ जणांची पहिली चाचणी पूर्ण झाली. डॉक्टरी तपासणी ४४ जणांची झाली. ‘तुम्ही गोळ्या घ्या’ असा सल्ला ३५ जणांना मिळाला. आणि गोळ्या पुऱ्या केल्या १९ जणांनी.

हे आकडे सावकाश पाहा. शंभरातले पासष्टजण असे आहेत की गोळीचे नावदेखील त्यांच्यापर्यंत पोचले नाही. सल्ल्यानंतर गळाले ते सोळा. म्हणजे ‘लोक घेत नाहीत’ ही तक्रार सोळाजणांबद्दलची आहे आणि पासष्टजणांच्या बाबतीत कुणी काही बोलत नाही. चाचणीचा फुगवटा दोन-तीन दिवसांनी मोजायचा असतो. त्या दिवशी रोजावर जाणारी बाई परत येऊ शकत नाही. एक्स-रे तालुक्याला, गाडीभाडे स्वतःचे. एक्स-रे आणि तपासणी टाळताही येत नाही, कारण आत क्षय चालू असताना एकटी गोळी दिली तर जंतू त्या औषधाला निर्ढावतात. आणि एवढे सगळे करून कोणी पोचलाच, तर ‘तुम्हाला काही झालेले नाही, जा घरी,’ म्हणणारा डॉक्टर भेटतो. गळती या प्रत्येक ठिकाणी आहे.

त्याच संशोधकांनी पुढे कॅनडा, बेनिन, घाना, इंडोनेशिया आणि व्हिएतनाम या पाच देशांत २४ आरोग्य केंद्रे घेऊन एक निराळा प्रयोग केला. नवे औषध नाही. फक्त केंद्रातल्या लोकांनी आपलेच आकडे मांडायचे, रुग्णांना, घरच्यांना आणि कर्मचाऱ्यांना विचारायचे, आपली माणसे नेमकी कुठल्या पायरीवर गळतात ते शोधायचे आणि तिथेच दुरुस्ती करायची. ज्याची त्याची गळती वेगळी, म्हणून ज्याची त्याची दुरुस्तीही वेगळी. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार, असे करणाऱ्या केंद्रांत गोळ्या सुरू करणाऱ्या घरच्यांची संख्या चांगलीच वाढली.

औषधही सोपे झाले आहे. आयसोनियाझिडच्या जोडीला रिफापेंटिन देऊन आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा छोटा उपचार ८२ टक्के लोकांनी पूर्ण केला. नऊ महिन्यांच्या रोजच्या गोळ्या ६९ टक्के लोकांनी. आपल्याकडच्या २०२१ च्या सूचनांत सहा महिन्यांच्या गोळ्यांबरोबर हाही पर्याय आहे.

२०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत ठरले होते की २०२२ अखेर जगातल्या तीन कोटी लोकांना हे संरक्षक औषध द्यायचे. दिले गेले एक कोटी पंचावन्न लाखांना. त्यांतही गंमत पाहा. एचआयव्हीबाधितांसाठी साठ लाखांचे उद्दिष्ट होते, तिथे एक कोटी तेरा लाख झाले. रुग्णांच्या घरच्यांसाठी दोन कोटी चाळीस लाखांचे उद्दिष्ट होते, तिथे झाले बेचाळीस लाख. गोळी दोघांनाही तीच. एचआयव्हीचा रुग्ण आपल्या औषधासाठी ठरल्या वेळी दवाखान्यात येतो. तिथेच त्याच्या हातावर हीही गोळी ठेवता येते. क्षयरुग्णाची बायको, मुलगा, म्हातारी सासू दवाखान्यात येत नाहीत. ती आजारी नाहीत. त्यांच्या दारात कुणीतरी जावे लागते. आपल्याकडे हे काम आशाताईंकडे आणि क्षय विभागाच्या आरोग्यसेवकांकडे आहे. जाऊन घरातली डोकी मोजायची, नावे लिहून घ्यायची, एक्स-रेचा दिवस ठरवून द्यायचा, मग महिन्या-महिन्याने येऊन भूक आहे का, मळमळ होते का, ते विचारायचे, आणि पुन्हा पुढच्या महिन्यात यायचे.